मंगळवारचा आवाज

तलावात काहीतरी हुंकारतं, ही बातमी पहिल्यांदा आणली ती पोहायला जाणाऱ्या मंडळींनी. पायऱ्यांजवळ बुडी मारली की खालून कुणीतरी हुंदका दिल्यासारखं ऐकू येतं, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने त्या हुंदक्यात घोगरेपणा घातला आणि तिसऱ्याने तर दातही मोजून आणले. आठवड्याभरात पाणीपुरवठ्याच्या कचेरीने काठाला दोरी बांधली, ‘पोहण्यास व नावा चालवण्यास मनाई’ अशी पाटी ठोकली, आणि आवाजाचं मूळ शोधून काढायचं काम काठावरच्याच दोन खोल्यांच्या संशोधन केंद्राच्या गळ्यात पडलं.

त्या केंद्रात ऐकायचं काम जिच्याकडे होतं तिला केंद्रप्रमुख मॅडम ‘आमचा कान’ म्हणायच्या. ती बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन दोन महिने झाले होते. घरी नऊ महिन्यांची बबडी होती, आणि बबडीपाशी सासूबाई होत्या. नवरा सकाळच्या पाळीला साडेपाचलाच बाहेर पडायचा. सगळी घडी नीट बसली होती. बसली नव्हती ती एकच गोष्ट, तिचा स्वतःचा जीव.

त्यात मुख्य कार्यालयाचं ते पत्र. ‘लहान मूल असल्याने सदर कर्मचाऱ्यास तीन महिने नावेवरील कामाचा अनुभव पाहून पुढे टेबलाचे काम देण्याबाबत अभिप्राय कळवावा.’ भाषा कशी तुपातली! मॅडमनी ते पत्र तिला दाखवलं तेव्हाच सांगितलं होतं, “मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. कान नावेत हवा, टेबलावर कानाचं काय काम? पण अभिप्राय मलाच लिहायचाय, आणि मी खोटं लिहीत नाही.”

टेबलाचं काम म्हणजे दुसऱ्यांनी आणलेले आवाज फोल्डरमध्ये लावायचे. जिने शिकताना बादलीत माइक बुडवून नळाच्या थेंबाची सात मिनिटं ऐकली होती, तिला ते म्हणजे लोणच्याची बरणी बाहेरून चाटण्यासारखं होतं. म्हणून ती डोळ्यांत तेल घालून काम करत होती. एक चूक झाली की लोक म्हणणार, ‘चालायचंच, तिचं अर्धं लक्ष घरी असतं.’ आणि खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्तच असायचं.

आवाज टिपायला आठवड्यातून दोनदा, सकाळी नऊला, नाव पाण्यात जायची. मंगळवारी ती, शुक्रवारी तिचा सहकारी. हा सहकारी बसला की पापणीसुद्धा हलवत नसे, म्हणून त्याचं नाव पडलं होतं पुतळा. त्यालाही ते आवडायचं. पाण्यातली नाव मात्र दोघांची एकच, नावाडीकाकांची. बंदी आल्यापासून काकांच्या दुसऱ्या सगळ्या फेऱ्या थांबल्या होत्या; केंद्राचे हे दोन दिवस तेवढे उरले होते.

तलावाच्या मधोमध नांगर टाकायचा, पाण्यातला माइक वायरीने सहा हात खाली सोडायचा, आणि मग वीस मिनिटं गप्प. या गप्प बसण्याचे नियम मॅडमनी छापून नावेतच चिकटवले होते. चपला काठावर. मोबाइल बंद. घड्याळ, किल्ल्या, नाणी सगळं डब्यात आणि डबा काठावर. खोकला आला तर रुमालात, आणि वेळ लिहून ठेवायची. शिंक आली तर माफी नाही.

तिला बाकी सगळं जमायचं, मोबाइल बंद करणं जमायचं नाही. बटण दाबण्याआधी ती शेवटचा निरोप पाठवायची, ‘आई, बबडी काय करतेय?’ सासूबाईंचं उत्तर ठरलेलं: ‘आहे.’ बस, एवढंच. आहे म्हणजे काय? झोपली आहे, रडते आहे, तोंडात काही घातलंय? या ‘आहे’वर वीस मिनिटं काढायची म्हणजे जीव टांगणीला. कानात हेडफोन, डोळ्यांसमोर पाणी आणि डोक्यात द्राक्षं. द्राक्षं उभी चिरून द्यायची, आडवी नाही, हे तिने सासूबाईंना चार वेळा सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी चार वेळा ‘बरं बाई’ म्हटलं होतं. चार वेळा ‘बरं बाई’ म्हणणारं माणूस ऐकत नसतं, एवढं तिला कळत होतं.

आणि तरीही, पहिल्याच मंगळवारी तिच्या कानात तो आवाज आला.

हुंऽऽऽ… टुक.

चार सेकंदांनी पुन्हा. हुंऽऽऽ… टुक. जसं काही पाण्याखाली कुणी मोठ्ठं जनावर कूस बदलतंय आणि दर वेळी त्याचं डोकं कशावर तरी आपटतंय. वीस मिनिटांत जवळजवळ तीनशे वेळा. पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. पुतळ्याच्या शुक्रवारी मात्र तळ्यात शुकशुकाट.

“जनावराला तू आवडतेस,” पुतळा म्हणाला. “मला बघितलं की तोंड फिरवतं.”

“तुला बघून सगळ्यांचंच होतं तसं,” ती म्हणाली.

मॅडमना मात्र हर्ष झाला होता. ‘मंगळवारचा आवाज’ असं त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. तिने एक तक्ता केला. वारा, ऊन, पाण्याची पातळी, हवेचा दाब, पलीकडच्या कारखान्याच्या पाळ्या, पाणीपुरवठ्याच्या दाराच्या वेळा. ते दार सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी सव्वानऊला उघडायचं आणि तळ्याचं पाणी वीतभर उतरायचं. सगळे रकाने भरले, पण चार सेकंदांचा ताल कशालाच जुळेना. पाच मंगळवार झाले. मॅडमनी मुख्य कार्यालयाला कळवलं की गुरुवारी सविस्तर अहवाल पाठवते, आणि हो, तो अभिप्रायही त्याच पाकिटात.

बुधवारी तिची सुट्टी असायची. दुपारी बबडी झोपायला तयार नव्हती. खांद्यावर बबडी, कानात एकच हेडफोन, असं तिने पाचव्या मंगळवारचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. थोड्या वेळाने बबडीने वायर ओढली, हेडफोन सुटला आणि आवाज लॅपटॉपमधून खोलीभर पसरला. हुंऽऽऽ… टुक. हुंऽऽऽ… टुक.

बबडी रडायची थांबली. मिनिटभरात तिची मान खांद्यावर टेकली. झोपली!

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात ओलं फडकं. “हे काय लावलंस गं?”

“हळू, आई. तळ्यातला आवाज आहे. कशाचा ते कुणालाच कळत नाहीये.”

सासूबाईंनी जरा वेळ ऐकलं. मग तिच्याकडे बघितलं. मग परत ऐकलं. “हा तर तुझा आवाज आहे.”

“माझा कसा? मी तर तोंडही उघडत नाही.”

“तोंडाचं कोण बोलतंय? तू डुलतेस, त्याचा ताल आहे हा. बघ की. डावीकडे गेलीस की हुं, उजवीकडे आलीस की टुक.”

“आवाज ऐकून डुलतेय मी, आई.”

“बंद कर मग तो.”

तिने बंद केला. खोलीत शांतता. ती उभी होती, आणि ती डुलत होती. डावीकडे, उजवीकडे. तिने बबडीला हळूच पाळण्यात ठेवलं, सरळ झाली, हात मोकळे सोडले. तरी डुलत होती. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तिने बघितला. एक, दोन, तीन, चार.

“काल भाजीवाल्यापुढे पण डुलत होतीस,” सासूबाई म्हणाल्या. “त्याला वाटलं, बाईंना भाव पटला.”

ती नावेत बसायची ती मागच्या फळीवर. फळीखाली लोखंडी कडी, कडीत नांगराचा दोर. ती डुलली की नाव डुलणार, नाव डुलली की दोर कडीत घासणार, हुंऽऽऽ, आणि कडी लाकडावर पडणार, टुक. हवेत ते किती ऐकू येणार? त्यातून तिच्या कानावर हेडफोन. पण नावेचं लाकूड पाण्यात, आणि पाण्यात माइक. तक्त्यात तिने कारखान्याच्या पाळ्यासुद्धा लिहिल्या होत्या. नावेत कोण बसलंय, हा रकाना तिला सुचला नव्हता.

“सूनबाई, बस जरा. चेहरा पांढरा पडलाय.”

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एक विचार आला, जो तिला मुळीच आवडला नाही पण जो जायलाही तयार होईना. कुणालाच कळणार नाही. पुढच्या मंगळवारी आपण हलायचं नाही, बस. आवाज जसा आला तसा गेला. न उलगडलेला आवाज म्हणून फाईल बंद. नाहीतर मॅडमनी अहवालात लिहायचं काय? की तळ्यातलं जनावर म्हणजे आमची कर्मचारी, जी नावेत रिकाम्या हातांनी मूल झोपवते? मुख्य कार्यालयाला आयतंच कोलीत. टेबल तयारच आहे.

“आई, घड्याळ लावा. वीस मिनिटं मी हलणार नाही.”

सासूबाईंनी कुकरवर ठेवायचं छोटं घड्याळ लावलं आणि समोर मटार सोलत बसल्या. तिने हात मांडीवर घट्ट दाबले. पाय फरशीला चिकटवले. श्वाससुद्धा मोजून घेतला.

“चार,” सासूबाई म्हणाल्या.

“काय चार?”

“चार मिनिटं टिकलीस. पाळण्यात बबडीने सुस्कारा टाकला आणि तू निघालीस.”

“मग मी काय करू, आई?” तिने स्टूल मागे सारलं. “खरं सांगितलं तर नाव जाईल हातची.”

सासूबाईंनी एक शेंग सोलली, दाणे भांड्यात पाडले. “मला काय कळतं तुमच्यातलं? पण तू मला द्राक्षाचं चार वेळा सांगतेस ना, ते का सांगतेस? एक दाणा चुकीचा गेला तर, म्हणून. मी उभीच चिरते बरं का. पहिल्यांदा सांगितलंस तेव्हापासून.”

गुरुवारी सकाळी ती ठरवून लवकर गेली. काय ठरवलं होतं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. धक्क्यावर नावाडीकाका उकिडवे बसून वल्ह्यांना तेल चोळत होते. सगळ्या वल्ह्यांना, ज्या चार नावा सहा आठवडे पालथ्या पडल्या होत्या त्यांच्यासुद्धा.

“ही कशाला काका? बंदी आहे ना?”

“सुकली तर तडकतात, ताई. तळं उघडलं आणि वल्हं तडकलेलं, असं नको.” त्यांनी बोटाने लाकूड चाचपलं. “तुम्ही धरालच की ते जनावर. मी सगळ्यांना सांगतो, आमच्या ताईंच्या कानातून सुटायचं नाही.”

तिला एकदम वाटलं, काकांचा हा विश्वास आपल्या हातून सुटतोय, बबडीचा हात सुटावा तसा. ती तशीच वळली आणि चपलांसकट मॅडमच्या खोलीत शिरली.

“मॅडम, तो आवाज माझा आहे.”

मॅडम अहवालाचं पहिलं पान छापून वाळवत बसल्यासारख्या हातात धरून होत्या. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फळी, कडी, दोर, चार सेकंद, भाजीवाला. भाजीवाला सांगायची गरज नव्हती, पण तो सुटलाच तोंडून. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“तू आत्ता डुलते आहेस,” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

“हं. सांगणं झालं. आता सिद्ध कर.” त्यांनी पान उलटं ठेवलं. “तीन माणसं बसवू आळीपाळीने. एक तू. एक हा पुतळा. आणि एक मूल सांभाळणारी बाई आणखी हवी, म्हणजे ताल बदलतो का ते कळेल. मी नाही चालणार. माझा मुलगा माझ्यापेक्षा उंच झालाय, मी हात उगारूनही पोचत नाही.”

अर्ध्या तासात सासूबाई बबडीला घेऊन धक्क्यावर हजर. नावेत बसायचं म्हटल्यावर त्यांनी आधी काकांकडे, मग पाण्याकडे संशयाने पाहिलं. “ही गळत नाही ना?”

“अहो, बोलते, पण गळत नाही,” काका म्हणाले.

“बोलते म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे कुरकुरते. हुं करते, टुक करते. लाकडाची आहे, कुरकुरणारच. जी आवाज करत नाही ती नाव कसली, पाट म्हणायचा तिला.”

“काका,” ती हळूच म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत होतं? पाचही मंगळवार?”

“येणारच की. माझीच नाव.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही तळ्याचा आवाज विचारलात, ताई. नावेचा कुठं विचारलात?”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “काखेत कळसा,” त्या म्हणाल्या, “आणि गावभर वळसा. चला, बसा.”

पहिली पाच मिनिटं पुतळा. माइकमध्ये काही नाही. दुसरी पाच मिनिटं ती. हुंऽऽऽ… टुक, चार सेकंद, जसं काही हुकमाने. मग सासूबाई बसल्या. पदर खोचून, ओठ मिटून, ‘मी नाही हो हलायची आमच्या सुनेसारखी’ असा चेहरा करून. पहिलं मिनिट गप्प. दुसऱ्या मिनिटाला मॅडमच्या हेडफोनमध्ये आलं, हुंऽऽऽऽऽऽ… टुक. सहा सेकंद.

“मी हललेच नाही,” सासूबाई धक्क्यावर पाय ठेवताच म्हणाल्या.

“काकू, यंत्र खोटं बोलत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“सहाचा ताल आहे तुमचा, आई,” ती हसू दाबत म्हणाली. “माझा चारचा.”

“तुम्हा मुलींना घाईच फार,” सासूबाई म्हणाल्या.

हसणं ओसरलं, आणि तिला आठवलं की पाकीट अजून जायचंय. तिने विचारलंच. “मग मॅडम, अभिप्राय? मी… टेबल?”

मॅडम नावेच्या फळीखाली वाकून कडी बघत होत्या. त्यांनी तसंच उत्तर दिलं. “तू गप्प बसली असतीस तर हा आवाज मी चार जणांपुढे मांडला असता आणि तोंडघशी पडले असते. स्वतःचाच आवाज पकडून आणून देणारा कान मी टेबलावर ठेवू? काका, ही कडी काढता येते का?”

“कडी काढली तर नांगर कुठं बांधू?”

“मग हिला काढू?”

“छे! त्यापेक्षा कडीला काहीतरी गुंडाळा. मऊ.” काकांनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांची नजर सासूबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीवर थांबली. सासूबाईंनी पिशवीतून बबडीचं जुनं दुपटं काढलं, धुऊन धुऊन चांदण्या पुसट झालेलं. ते दुपटं बबडीच्या पहिल्या आठवड्यातलं होतं. मग तिनेच ते काकांच्या हातात दिलं.

काकांनी कडीभोवती तीन वेढे दिले, गाठ मारली, दोर ओढून पाहिला. “आता डुला, ताई. पोटभर डुला.”

नऊ वाजून दहा मिनिटांनी नाव पुन्हा मधोमध. नावेत ती, मॅडम आणि काका. सवयीने तिने शेवटचा निरोप टाइप करायला खिशात हात घातला, आणि मग सुचलं, बबडी तर समोरच काठावर आहे. तिने मोबाइल डब्यात टाकून डबाच काठावर ठेवला होता, हेही तेव्हाच आठवलं. हात रिकामा वर आला होता.

ती डुलत होती. हेडफोनमध्ये पहिल्यांदाच खरी शांतता होती. पाण्याचा आपला एक पातळ सूर, लांबून एखादा मासा शेपटी मारून गेलेला. एक मिनिट, दोन, पाच.

मग खालून, पायऱ्यांच्या बाजूने, आलं. गुळुक. गुळुक-गुळुक. आणि मग एक लांब, ओला, अडखळता हुंदका.

नियमाप्रमाणे बोलायचं नव्हतं. तिने मॅडमचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने बोट दाखवलं. पायऱ्यांपाशी पाण्यावर बुडबुड्यांची रांग फुटत होती. काकांनी नाक वर केलं आणि ओठांनीच सांगितलं, सडकी पानं. मॅडमनी वहीत वेळ लिहिली. नऊ वाजून सतरा. दार उघडून दोन मिनिटं झाली होती. पाणी वीतभर उतरत होतं, त्याचा भार कमी होत होता, आणि तळाच्या चिखलात पानं कुजून साठलेली हवा वर सुटत होती. पोकळ दगडी पायऱ्यांखालून ती येताना असा गळा काढत होती, बस. तक्त्यात दाराचा रकाना पहिल्या दिवसापासून होता. तिनेच आखला होता. वर तिचंच हुं-टुक इतकं होतं की खालचं ऐकूच आलं नाही.

वीस मिनिटं संपल्यावर काका म्हणाले, “म्हणजे तळ्याला ढेकर आलाय. एवढ्यासाठी सहा आठवडे?”

“एवढ्यासाठी,” मॅडम म्हणाल्या. “पाणीपुरवठ्याच्या कचेरीला आजच कळवते. दोरी सुटेल.”

नाव काठाला वळली. धक्क्यावर सासूबाई पायरीवर बसून शांतपणे पाय दाबत होत्या. बबडी कुठाय? मग दिसली. पुतळ्याच्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. आणि जो माणूस पापणी हलवत नसे तो उन्हात उभा राहून डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे…

“किती सेकंद?” मॅडमनी विचारलं.

तिने मोजलं. “पाच.”

दुपारी पाकीट गेलं. अभिप्रायाच्या चौकटीत मॅडमनी लिहिलं होतं, ‘नावेवरच ठेवावे.’ फळ्यावरचा तक्ताही त्यांनी स्वतः पुसून पुन्हा आखला. वारा, ऊन, पातळी, दाब, पाळ्या, दार. आणि सगळ्यांत पहिला, रुंद रकाना, जो आता तिथल्या प्रत्येक कागदावर छापलेला असतो: ‘नावेत कोण?’